सागवानाचे मोल

हुतात्मा राजगुरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खेड गावातून दोन वाटा फुटतात. दक्षिणेची वाट चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे जाते, तर पश्चिमेची भीमाशंकरच्या जंगलाकडे. पहिल्या वाटेवर आज पोलादाचे राज्य आहे. परंतु पोलाद घरोघर पोहोचण्यापूर्वी या मुलखाचा सारा व्यवहार कठीण लाकडावर चालत असे. बैलगाडीचा तुंबा आणि तेलाचा घाणा बाभळीचा, मुसळ खैराचे, घराचे खांब ऐनाचे. आणि ऐपत असेल त्याच्या वाड्याची तुळई व दरवाजा सागवानाचा.

या लाकडांत सागवान सर्वांत जड नव्हे. खैराचे एक घनमीटर लाकूड सुमारे एक हजार किलो, म्हणजे जवळजवळ पाण्याइतके, भरते. ऐन सुमारे साडेआठशे आणि सागवान साडेसहाशेच्या आसपास. तरीही मान सागवानाचाच. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ऋतू बदलले तरी ते फारसे आकसत किंवा फुगत नाही. युरोपातील ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानात खिळा शाबूत राहतो. टिकाऊपणा वजनावर नव्हे, अंगच्या गुणावर ठरतो, हे सुतारांना ग्रंथ वाचल्यावाचून ठाऊक होते.

समुद्रावर सत्ता गाजवू पाहणाऱ्यांनीही हे जाणले. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. 1813 साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वरच 1842 मध्ये चीनला नानकिंगचा मानहानीकारक तह स्वीकारावा लागला. मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ 1817 साली मुंबईत तयार झाली. ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात टिकलेल्या त्या लाकडाचे कौतुक वाटते. पण त्याचबरोबर प्रश्न पडतो : ज्या रानांतून ते आले, त्यांचे काय झाले?

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी स्पष्ट आदेश आहेत. रानातील सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. आरमाराची निकड असतानाही मालकाची संमती विसरायची नाही, हा त्यातील न्याय आम्हांला फार मोलाचा वाटतो.

इंग्रजी अमदानीत जहाजांसाठी आणि पुढे रेल्वेसाठी कुऱ्हाड बेसुमार चालली. तेव्हा सावधगिरीचा आवाज उठला तोही याच पट्ट्यातून. आज पिंपरी-चिंचवडमध्ये मोडणाऱ्या दापोडीत त्या वेळी सरकारी वनस्पती-उद्यान होते. त्याचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन 1847 साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असा इशारा त्यांनी दिला. याच काळात, 1847 ते 1850 च्या दरम्यान, त्यांनी उद्यानातील वनस्पतींची सुंदर चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. नाव कोणी नोंदवून ठेवले नाही.

नोंदीतून गळालेला तो एकटाच नव्हता. 1878 च्या वनकायद्याने सरकारी रानांभोवती कडक सीमा आखल्या. जंगल राखण्याचा हेतू त्यात होता, तसाच लाकडाच्या महसुलाचाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्रीत राहून हिरडा, सरपण आणि चाऱ्यावर जगणारी माणसे त्या कागदांवर हक्कदार राहिली नाहीत; सरकारच्या मर्जीने मिळणाऱ्या सवलतींवर त्यांना भागवावे लागले. आज्ञापत्रातील संमतीचा धागा येथे तुटला. भीमाशंकर 1985 साली अभयारण्य झाले. वनवासींचे हक्क मान्य करणारा कायदा येण्यास मात्र 2006 साल उजाडावे लागले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या वेळची सागवानी पेटी, पाळणा किंवा देव्हारा असेल. त्यावरून हात फिरविताना सुताराचे कसब आठवावेच. पण ज्या झाडाने अनेक पिढ्यांचे ऊनपाऊस सोसले ते झाड, आणि ज्यांच्या रानातून ते आले ती माणसे, यांचेही स्मरण असावे. सागवानाचे खरे मोल घनफुटात मोजता येत नाही. ते फेडायचे तर पुढच्या पिढीसाठी एक तरी झाड राखावे, आणि राखताना तेथल्या माणसाला विचारावे.