एकोणिसावा

पनवेलमध्ये वडाळे तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत आता परदेशी जाऊन धावणारेही निघतात. कुणी बर्लिनला जाऊन आलेलं असतं, कुणाचं शेंगेन व्हिसाचं चाललेलं असतं. फेरी संपल्यावर चहा घेताना हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या आधीच्या लोकांना हे सुचलंसुद्धा नसतं.’ मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हे ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. आपल्या मुलखातली माणसं धावण्यासाठी समुद्र ओलांडून गेली, त्याला शंभर वर्षं उलटली.

गोष्ट पुण्यातून सुरू होते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचं अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होतं. १९१९ साली तिथल्या मैदानी स्पर्धांत त्यांनी जे धावपटू पाहिले, ती बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती. घरी जेवण साधं, पायात काही नाही, धावण्याच्या युरोपीय नियमांची ओळख नाही आणि शास्त्रशुद्ध सराव तर नाहीच. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. कठीण खडीच्या रस्त्यावर अनवाणी लांब पल्ला तोडणारी ही पोरं दोराबजींच्या मनात घर करून राहिली. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांना गाठलं, ऑलिंपिकमध्ये उतरण्याची परवानगी मिळवायला त्यांची मदत घेतली आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला.

पुण्यात निवड झाली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जण निघाले. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी, कैकाडी लांब पल्ल्यासाठी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी पल्ल्यासाठी, शिवाय नवले आणि शिंदे हे दोन पैलवान. शिंद्यांचं पदक थोडक्यात हुकलं, ते चौथे आले.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. तेव्हा ४२.१९५ किलोमीटर हे अंतर कायमचं ठरलेलं नव्हतं, ते १९२१ साली ठरलं. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता आणि ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन आजवर झालेली नाही. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत जिंकली. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत आले, एकोणिसावे. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहीत असे तेव्हा मुलं विचारायची, ‘सर, मग पदक?’ पदक नाही. पण आजचा ठरलेला पल्ला पुरा करून वर आणखी अर्धा किलोमीटरहून जास्त धावत हा माणूस तीन तासांच्या आत पोचला. घड्याळ, एनर्जी जेल, खास बूट असं सगळं असूनही आमच्या तलावावरच्या कुणाला अजून तीन तासांच्या आत मॅरेथॉन जमलेली नाही.

मी स्वतः परदेशी धावायला गेलो तो स्वित्झर्लंडमध्ये, ऑक्टोबरअखेरीला होणाऱ्या लोझान मॅरेथॉनला. माझा पल्ला अर्ध्याचा, २१ किलोमीटरचा. ला तूर-द-पेल या गावातून निघायचं आणि जिनिव्हा सरोवराच्या काठाकाठाने लोझानला यायचं. डाव्या हाताला पाणी, पलीकडे फ्रान्समधले डोंगर. उजव्या हाताला लावोचे द्राक्षमळे, दगडी बांध घालून उतारावर चढवत नेलेले. २००७ पासून ते जागतिक वारशात आहेत. रस्ता सपाट मुळीच नाही, चढउतार पोटऱ्या भरून आणतात. माझ्यापुढे पिवळी पानं तुडवत एक आजी धावत होत्या, त्यांना मला शेवटपर्यंत गाठता आलं नाही.

शर्यत संपते ती लोझानच्या ऊशी या बंदराजवळ. तिथेच काठावर ऑलिंपिक संग्रहालय आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मुख्यालय १९१५ पासून याच शहरात आहे आणि १९२० साली दोराबजी त्या समितीचे सभासद झाले. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्षही तेच. पुण्याच्या मैदानावरच्या अनवाणी पोरांचा धागा या सरोवरापर्यंत असा येऊन पोचतो. मी मुद्दाम हीच शर्यत निवडली होती.

आता आमच्या धावगटात तलावाभोवती एक छोटी शर्यत घ्यायचं घाटतंय. पहिल्या तिघांना पदकं द्यावीत, त्याबद्दल वाद नाही. माझा आग्रह चौथ्या बक्षिसाचा आहे: जी व्यक्ती एकोणिसावी येईल तिला, फडेप्पा चौगुले यांच्या नावाने. पैसे माझ्या पेन्शनमधून देईन, असं मी सांगून ठेवलंय.