दस नौ आठ

नव्वदीच्या सुरुवातीला व्ही.टी. स्टेशनवरच्या एखाद्या पोराला ‘तू कुठल्या संस्थेत जातोस?’ असं विचारलं, की तो बिनधास्त दोन-तीन नावं सांगायचा. एकीकडे दुपारचं जेवण, दुसरीकडे आंघोळ आणि कपडे, तिसरीकडे कॅरम. तिन्ही रजिस्टरांत त्याचं नाव वेगळं, आणि तिन्ही वार्षिक अहवालांत तो ‘आमचा मुलगा’ म्हणून मोजलेला. पोरगं हुशारच म्हणायचं. संस्थांना हुशार म्हणवत नाही, आणि मी त्यातल्याच एका संस्थेत फिल्डवर्कर होते, म्हणून हे बोलते. रात्री दोन वाजता तोच मुलगा रुळावर पडून जखमी झाला, तर मात्र तो तिघांपैकी कुणाचाच नसायचा. तिन्ही ऑफिसं संध्याकाळी सहाला बंद होत.

मुंबईत अशा मुलांसाठी कुणी काही करतच नव्हतं असं नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ची. १९२४मध्ये मुंबई प्रांताचा मुलांसाठीचा कायदा झाला, १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली आणि डोंगरीतल्या उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात बालगृह आलं. टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवस काढले तो हाच तुरुंग. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. कैदी गेले, मुलं आली, भिंती राहिल्या. प्लॅटफॉर्मवरची पोरं डोंगरीला जितकी घाबरत तितकी पोलिसाच्या काठीलाही घाबरत नसत. पुढे स्वयंसेवी संस्था आल्या: १९६२मध्ये स्नेहसदन, मग ऐंशीच्या दशकात युवा, कामाठीपुऱ्यात प्रेरणा, वडाळ्याला डॉन बॉस्कोचं शेल्टर. प्रत्येकाचं काम चोख. पण एकमेकांशी बोलणं म्हणजे वर्षातून एखाद्या चर्चासत्रातला चहा. देणगीदार तेच, मुलंही तीच, मग गोडीगुलाबी कुठून राहणार?

जेरू बिलिमोरिया तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे आमच्या भाषेत ‘टिस’मध्ये शिकवत. त्यांनी रस्त्यावरच्या मुलांना आपला घरचा नंबर दिला होता आणि मुलं रात्री-अपरात्री खरंच फोन करत. एका बाईच्या घरचा फोन किती पुरणार? त्यातून जून १९९६मध्ये टिसचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. नंबर १०९८, चोवीस तास, फुकट. मुलांनी त्याला ‘दस नौ आठ’ करून टाकलं. उलटी गिनती असल्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरालाही तो एकदा ऐकून पाठ होई. त्याच वर्षी व्ही.टी.चं नाव बदललं, ते काही त्यांनी पाठ केलं नाही.

लोकांना यातला फोन दिसतो. माझ्या मते फोन ही सोपी गोष्ट होती. अवघड होतं ते फोन आल्यावर जायचं कुणी, हे ठरवणं. त्यासाठी झालेल्या बैठका मला आजही आठवतात. मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त रुसायची. अमुक स्टेशनवर आम्ही दहा वर्षं काम करतोय, तिथे ते कसे येणार? मूल आम्ही उचललं आणि निवारा त्यांनी दिला, तर ते कुणाच्या अहवालात जाणार? शेवटी रचना बसली. समाजकार्याचं एखादं कॉलेज मध्यवर्ती, म्हणजे ‘नोडल’. रात्रंदिवस फोन घेऊन धावणारी संस्था ती ‘कोलॅबोरेटिव्ह’, आपापल्या भागात सांभाळणारी ती ‘सपोर्ट’. शब्द सगळे इंग्रजी आणि जड, पण मागचा व्यवहार साधा होता: जवळ असेल त्याने आधी पोचायचं, तेही तासाभरात, आणि सगळ्यांनी एकाच नमुन्याचा फॉर्म भरायचा. वरती शहराची सल्लागार समिती, तिच्यात पोलीस, आरोग्य खातं, टेलिफोनवाले सगळे एका टेबलाशी. त्या टेबलामुळे किती कामं झाली! एरवी पालिकेच्या इस्पितळात तापाने फणफणलेलं पोर नेलं, की केसपेपरवर ‘नातेवाईक’ या रकान्यात काय लिहायचं यावरच तास जायचा. नातेवाईक नाही तर सही कोण करणार, सही नाही तर भरती कशी करणार? एका इस्पितळात मी चक्क ‘आत्या’ लिहून सही ठोकली होती. पुढे हा प्रश्न समितीत गेला, आणि संस्थेचं ओळखपत्र चालू लागलं.

फोन सुरुवातीला त्या त्या शहरातल्या संस्थेतच वाजायचा. मोठी कॉल सेंटरं फार नंतर आली. नव्या मुलींना सगळ्यात जड जायचे ते मुके कॉल. पलीकडे गाडीची घोषणा, हॉर्न, कधी नुसता श्वास. बोलत कुणी नाही. आपण ठेवायचा नाही, एवढाच नियम. ‘दीदी इधर ही है, आराम से बोल’ असं म्हणत बसायचं. तोच मुलगा चौथ्या-पाचव्या वेळी एखादा शब्द बोले. बाकी शिव्या, गाणी, ‘दीदी, टाइम क्या हुआ?’ हेही भरपूर. त्याला वैतागणाऱ्यांना आमचा एक सहकारी समजवायचा, ‘नंबर लागतो का ते बघतायत. अडचणीत पडल्यावर पहिल्यांदा बघायचं का?’ तो स्वतः याच स्टेशनवर बूट पॉलिश करत मोठा झालेला. रस्त्यावर वाढलेल्या अशा तरुणांना पगारावर घ्यायची पद्धत चाइल्डलाइनने पहिल्यापासून ठेवली, आणि एमएसडब्ल्यू झालेल्या आम्ही त्यांच्याकडून जे शिकलो ते कुठल्या पेपरात आलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर नवं आलेलं मूल ते चपलांवरून ओळखत. पळून येऊन दोन दिवस झालेल्याच्या पायात चपला असतात, आठवडा झालेल्याच्या नसतात.

१९९८-९९मध्ये केंद्र सरकारने ही कल्पना देशभर न्यायचं ठरवलं आणि चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं. २०००च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समित्या दिल्या; पुढे मूल चोवीस तासांत समितीपुढे हजर करणंही आलं. बिलिमोरियांनी पुढे हेल्पलाइनींची आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्यातही पुढाकार घेतला. वाढत वाढत हे जाळं पाचशेहून अधिक जिल्ह्यांत आणि शंभराहून अधिक रेल्वे स्थानकांवर गेलं. कागदपत्रं वाढली, अनुदान उशिरा येऊ लागलं, कार्यकर्त्यांचे पगार तुंबू लागले. हे सगळं रीतसर.

या जाळ्याचा खरा उपयोग मला कळला तो मुलं घरी पोचवताना. आधी आम्ही मुलाला गाडीत बसवून गावी सोडून यायचो आणि फोटो काढायचो. महिन्याभरात तेच पोर परत त्याच प्लॅटफॉर्मवर. कशाला परतलं, हे विचारायला गावात आमचं कुणी नव्हतं. बाप मारतो, सावत्र आई जेवायला घालत नाही, की शाळेत मास्तर सगळ्यांदेखत बोलतात? जालन्याला, बुलढाण्याला, बिहारमधल्या एखाद्या जिल्ह्यात चाइल्डलाइनची संस्था झाल्यावर आधी फोन करता येऊ लागला: घर बघून या, मग पाठवतो. कधी उलट निरोप यायचा, इतक्यात पाठवू नका. तो निरोप आमच्या लेखी सोन्याचा. असा निरोप देणाऱ्या जालन्याच्या बाईला आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, तिची संस्था शेतमजुरांत काम करणारी, आमची स्टेशनवर, पण फॉर्म एकच, त्यामुळे ‘रकाना नऊ बघा’ म्हटलं की तिला कळे.

२०२३पासून केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली हेल्पलाइन राज्य सरकारांकडे गेली आणि ११२ या आणीबाणीच्या नंबराला जोडली गेली. १०९८ अजून लागतो. संस्था बाहेर पडल्या. सरकारने करू नये असं मी म्हणणार नाही. ही जबाबदारी मुळात त्याचीच, आणि तुंबलेल्या पगारांवर चाललेल्या सेवेचं कौतुक किती करायचं यालाही मर्यादा आहे. आता मूल गावी पाठवायचं तर एका जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुसऱ्या जिल्ह्याच्या कक्षाला पत्र लिहायचं, तिथून गृहभेटीचा अहवाल मागवायचा. पद्धत बिनचूक आहे. जालन्याची ती बाई मात्र सकाळच्या एस.टी.ने गावात जाऊन, मुलाच्या आजीशी आणि शेजारणीशी वेगवेगळं बोलून, संध्याकाळी फोन करायची.