आडनाव हरवलेले खापरपणजोबा

खापरपणजोबांचं आडनाव आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. मॉरिशसच्या कारकुनाने कानावर पडलं तसं नाव लिहिलं आणि त्यांचं पाळण्यातलं नावच आमचं आडनाव झालं. इथल्या कितीतरी मराठी घरांची हीच कथा. 1834 नंतर साडेचार लाखांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून आलेले त्यात थोडे. त्यांतले पुष्कळ रत्नागिरीकडचे.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या गिरमिटियांच्या नोंदी आहेत: क्रमांक, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव. 1860 च्या दशकापासून फोटोही. शोधायचा तो क्रमांक. नावावर विसंबण्यात अर्थ नाही. जुन्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवर तो पुष्कळदा सापडतो. गावाची स्पेलिंगं मात्र अशी, की खुद्द गावकरीही ओळखणार नाहीत!

आमच्याकडे आणखी एक धागा आहे. आजी अडचणीत वेतोबा या देवाला हाक मारायची. वेतोबा म्हणजे दक्षिण कोकण. आरवली-वेंगुर्ल्याचा तो मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. हा पुरावा नव्हे, पण दिशा नक्कीच.

कोकणातल्या वाचकांनो, तुमच्या वंशावळीत त्या काळातला कुणी ‘परागंदा’ असेल, तर त्याच्या बापाचं नाव एकदा पाहून ठेवा.