इंग्लंडच्या ग्रामीण भागातील रहदारीमुक्त सायकल मार्ग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इंग्लंडच्या ग्रामीण भागात कुरणांच्या कडेने, दगडी पुलांवरून आणि जुन्या बोगद्यांतून जाणारे रहदारीमुक्त सायकल मार्ग हे तेथील पर्यटनाचे एक वैशिष्ट्य होय. या मार्गांवरील शांतता ही निसर्गाची देणगी आहे, असा समज सहज होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. हे मार्ग बहुतांशी बंद पडलेल्या रेल्वेच्या जमिनीवर उभे आहेत आणि त्यांचे अस्तित्व कायदे, जमिनीची मालकी व नागरिकांचे प्रयत्न यांतून घडले आहे. ज्या ठिकाणी रेल्वेची जमीन सलगपणे सार्वजनिक मालकीत राहिली, त्या ठिकाणीच शांत मार्ग टिकला. जमिनीचे तुकडे झाले तेथे मार्गही तुटला. हे सूत्र स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सायकल पर्यटनाचा उदय :

इ. स. १८७८ मध्ये हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ची स्थापना झाली. १८८३ मध्ये या संस्थेने ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ हे नाव धारण केले. संस्थेची मान्यता मिळालेल्या खाणावळींवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले जाई आणि सभासदांना तेथे मुक्कामाची सोय मिळे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांच्या हवा भरलेल्या टायरची त्यात भर पडली. परिणामी उंच चाकाच्या सायकलीचे साहस मागे पडून सायकल ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वस्तू बनू लागली. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे स्थापन झालेल्या समाजवादी विचारांच्या ‘क्लॅरियन’ सायकल क्लबमुळे कामगारवर्गही रविवारी खेड्यांकडे वळू लागला.

रेल्वेने लांब पल्ल्याची प्रवासी व मालवाहतूक स्वतःकडे खेचल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडागाड्यांचे जुने हमरस्ते ओस पडले होते. म्हणजेच पहिल्या पिढीतील सायकलस्वारांना शांत रस्ते आयतेच लाभले. मात्र त्यांची अवस्था वाईट होती. म्हणून सायकलस्वारांच्या दोन प्रमुख संस्थांनी १८८६ मध्ये ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन करून चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलीला ‘वाहन’ हा दर्जा दिला आणि रस्त्यावरील तिचा हक्क कायदेशीर ठरला.

मोटारींचे आगमन आणि हक्काचा प्रश्न :

१८९६ च्या कायद्याने मोटारींना ताशी १४ मैल वेगाची, तर १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैल वेगाची मर्यादा घालून दिली. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने मोटारींवरील ही सर्वसाधारण वेगमर्यादाच रद्द केली. वाढत्या अपघातांमुळे १९३४ च्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैल ही मर्यादा पुन्हा आणावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या हस्ते पश्चिम लंडनमधील वेस्टर्न ॲव्हेन्यूलगत सुमारे अडीच मैलांच्या स्वतंत्र सायकल मार्गाचे उद्घाटन झाले.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. या स्वतंत्र मार्गाला प्रखर विरोध केला तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबनेच. आज सोय म्हणून दिलेला मार्ग उद्या सक्तीचा होईल आणि १८८८ मध्ये मिळालेला रस्त्याचा हक्क हातचा जाईल, अशी संस्थेला भीती वाटत होती. ही भीती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. तथापि रस्त्यावरील हक्क कागदावर शाबूत राहूनही प्रत्यक्षात सायकलस्वार रस्त्यावरून हटत गेला. ब्रिटनमध्ये १९४९ साली सायकलींचा एकूण प्रवास सुमारे १४.७ अब्ज मैल होता. १९७३ पर्यंत तो २.३ अब्ज मैलांवर आला. कायद्याने दिलेला हक्क मोटारींच्या गर्दीपुढे अपुरा ठरला, असे या आकडेवारीवरून दिसून येते. १९६८ च्या ग्रामीण भागविषयक कायद्याने घोडेस्वारांसाठी असलेल्या वाटांवर सायकल चालविण्यास परवानगी दिली. परंतु या वाटा बहुधा चिखलाच्या व चढउताराच्या असल्याने सर्वसामान्य पर्यटकाला त्यांचा उपयोग मर्यादितच होता.

बंद पडलेली रेल्वे आणि नवे मार्ग :

मोटारींच्या वाढीचा फटका रेल्वेलाही बसला. तोट्यातील शाखा बंद करण्यास आधीच प्रारंभ झाला होता. १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. रूळ उखडले गेले, मागे राहिले ते भराव, पूल, बोगदे आणि सौम्य चढ. वाफेच्या इंजिनासाठी राखलेला हा सौम्य चढ सायकलस्वारालाही तितकाच सोयीचा होता.

डर्बीशायरमधील ॲशबोर्न ते बक्स्टन या १८९९ च्या रेल्वेमार्गावरील नियमित प्रवासी वाहतूक १९५४ मध्ये थांबली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने या मार्गाची जमीन विकत घेतली आणि १९७१ मध्ये सुमारे १३ मैलांचा ‘टिसिंग्टन ट्रेल’ खुला झाला. पार्स्ली हे येथे त्याला मिळणारा ‘हाय पीक ट्रेल’ हा १८३०-३१ मध्ये सुरू होऊन १९६७ मध्ये बंद पडलेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेच्या जागेवर आहे. या दोन्ही ठिकाणी सार्वजनिक संस्थांनी जमीन वेळीच घेतली, म्हणून मार्ग सलग राहिला.

याउलट अनेक ठिकाणी जमीन शेजारच्या शेतकऱ्यांना व व्यावसायिकांना तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि पूल पाडले गेले. एक तुकडा जरी हरवला तरी सायकलस्वाराला पुन्हा मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागते. जमीन हाती असूनही सलगता गेली तर काय होते, हे ‘मॉन्सल ट्रेल’वरून कळते. १९६८ मध्ये बंद झालेल्या रेल्वेच्या जागेवरील हा मार्ग १९८१ मध्ये खुला झाला. परंतु त्यावरील चार मोठे बोगदे २०११ पर्यंत बंदच होते. त्यामुळे तीस वर्षे तो सायकलस्वारांच्या दृष्टीने खंडितच राहिला.

नागरी चळवळ आणि राष्ट्रीय जाळे :

१९७३ च्या तेलसंकटानंतरच्या वातावरणात, १९७७ मध्ये ब्रिस्टल येथे ‘सायकलबॅग’ हा नागरिकांचा गट स्थापन झाला. अभियंता जॉन ग्रिमशॉ यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथ हा सुमारे १३ मैलांचा मार्ग टप्प्याटप्प्याने तयार केला. १९८२ मध्ये ग्रिमशॉ यांच्याच संस्थेने इंग्लंड व वेल्समधील बंद रेल्वेमार्गांची शासनासाठी पाहणी केली. या चळवळीतून उदयास आलेल्या ‘सस्ट्रान्स’ संस्थेने बेरोजगारांसाठीच्या तत्कालीन शासकीय रोजगार योजनांतील मनुष्यबळ वापरून अनेक मार्ग बांधले. १९९४ मध्ये आयरिश समुद्र ते उत्तर समुद्र असा सुमारे १४० मैलांचा ‘सी टू सी’ मार्ग सुरू झाला. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून अधिक अनुदान मिळाले आणि २००० मध्ये ५,००० मैलांच्या राष्ट्रीय सायकल जाळ्याचे उद्घाटन झाले.

पुढे या जाळ्याची लांबी झपाट्याने वाढली. परंतु लांबी आणि शांतता या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१८ मध्ये सस्ट्रान्सने स्वतःच केलेल्या परीक्षणानुसार १६,५७५ मैलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मार्ग रहदारीमुक्त होते. उर्वरित भाग सामान्य रस्त्यांवरूनच जात होता. बारा वर्षांचे मूल निर्धास्तपणे सायकल चालवू शकेल, ही कसोटी लावल्यावर २०२० मध्ये जाळ्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग वगळणे किंवा वेगळ्या वर्गात टाकणे भाग पडले. मिळालेला मार्गही कायमचा सुरक्षित नसतो. २००८ मध्ये ब्रिस्टल-बाथ मार्गाच्या काही भागावरून जलद बससेवा नेण्याची योजना पुढे आली होती. नागरिकांच्या तीव्र विरोधामुळेच ती मागे पडली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सायकलस्वारांनी प्रथम चांगल्या रस्त्यांसाठी लढा दिला, ते रस्ते मोटारींनी व्यापले आणि अखेरीस मोटारींमुळेच बंद पडलेल्या रेल्वेच्या जमिनीवर सायकलस्वारांना आश्रय मिळाला. १९३४ मधील वादात रस्त्यावरील हक्क की स्वतंत्र मार्ग, असा प्रश्न मांडला गेला होता. पुढील इतिहासाने दाखवून दिले की, केवळ हक्क पुरेसा नाही आणि तुटक मार्गही पुरेसा नाही. बाथमधील कूम डाउन बोगदा १९६६ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये सायकलस्वारांसाठी खुला झाला. सत्तेचाळीस वर्षांनंतर हे शक्य झाले, कारण तो बोगदा जागेवर शिल्लक होता. पाडलेल्या पुलांबाबत आणि विकून टाकलेल्या जमिनींबाबत मात्र तशी संधी सहसा उरत नाही. सार्वजनिक जमीन निरुपयोगी ठरवून तिचे तुकडे करण्यापूर्वी पुढच्या पिढीला तिची कोणती गरज भासेल याचा विचार करावा, हाच या इतिहासाचा बोध होय.