रक्तदाबाचा वारसा

आईबापांचा रक्तदाब मुलांत उतरतो, तो कसा? या प्रश्नावर इंग्लंडांत दोन वैद्यकपंडितांचा मोठा वाद झाला. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट यांनीं 1947 सालीं प्रतिपादन केलें कीं, हा स्वतंत्र रोग असून त्याचें मूळ एका प्रबल जनुकांत आहे. ज्यास तें मिळालें तो रोगी, इतर निरोगी. जॉर्ज पिकरिंग यांस हें मान्य नव्हतें. 1954 सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह रोग्यांच्या आप्तांचे रक्तदाब तपासले, तेव्हां रोगी व निरोगी अशी फूट पडेना. आंकडे सलग चढत गेलेले! उंचीप्रमाणें येथेंही अनेक जनुकांचा हात आहे, असें त्यांचें मत. मग रोगाची रेषा कोठें ओढावयाची? ती वैद्यांनींच ठरविलेली.

काळानें कौल पिकरिंग यांस दिला. 2018 सालीं दहा लाखांहून अधिक माणसांच्या तपासणींत रक्तदाबाशीं निगडित 535 नवीं जनुकीय स्थानें आढळलीं. प्रत्येकाचा वांटा मात्र चिमूटभर.

तथापि प्लॅट यांस सर्वस्वीं पराभूत म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. 1992 सालीं रिचर्ड लिफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका मोठ्या कुटुंबांत एकच सदोष जनुक दाखवून दिलें. शेजारचीं दोन जनुकें एकमेकांत मिसळून तें बनलेलें. त्यामुळें शरीरांत मीठ धरून ठेवणारें अल्डोस्टेरॉन अवाजवी स्रवतें आणि कोवळ्या वयांतच रक्तदाब चढतो. अशीं कुटुंबें विरळा. पण तीं वेळीं ओळखलीं, तर स्टेरॉइड जातीच्या औषधाच्या अल्प मात्रेनेंही तो उतरूं शकतो.