लोहनियमन आणि क्षयरोग प्रतिकारशक्ती

लोहनियमन म्हणजे शरीरातील लोहाचे शोषण, साठवण व वाटप यांवरील नियंत्रण. क्षयरोगाच्या जिवाणूला (मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस) वाढीसाठी लोह आवश्यक असते व ते त्याला रुग्णाच्या शरीरातूनच मिळवावे लागते. त्यामुळे लोहाचा ताबा कोणाकडे राहतो, यावर रोगाची वाटचाल काही अंशी अवलंबून असते.

यंत्रणा

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणतः ३ ते ४ ग्रॅम लोह असते. अन्नातून दररोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. याउलट जुन्या तांबड्या पेशी मोडून मॅक्रोफेज या भक्षक पेशी सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह रक्तात परत सोडतात. हे लोह फेरोपोर्टिन या प्रथिनाद्वारे पेशीबाहेर पडते. यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक फेरोपोर्टिनचा नाश घडवून हा मार्ग बंद करते.

संसर्ग झाल्यावर इंटरल्युकिन-६ मुळे हेपसिडिन वाढते आणि रक्तातील लोह घटते. पेशींबाहेर वाढणाऱ्या जिवाणूंची यामुळे उपासमार होते. क्षयजंतू मात्र मुख्यतः मॅक्रोफेजच्या आतच राहतो. म्हणजे जे लोह इतर जिवाणूंपासून लपवले जाते, ते नेमके त्याच्या घरात कोंडले जाते. यावर शरीराचे अन्य उपायही आहेत. इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेजमध्ये येणारे लोह कमी करते व बाहेर जाणारे वाढवते. जिवाणू मायकोबॅक्टिन व कार्बोक्सिमायकोबॅक्टिन हे लोहग्राही रेणू वापरतो. त्यांपैकी दुसऱ्याला शरीरातील सिडेरोकॅलिन हे प्रथिन पकडून ठेवते.

लोहाधिक्य आणि रक्तक्षय

क्षयरुग्णांना लोहक्षार देऊ नयेत, असा इशारा एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी दिला होता. आफ्रिकेच्या दक्षिण भागात लोखंडी भांड्यांत बनवलेल्या पारंपरिक बिअरमुळे लोहाधिक्य आढळते. झिंबाब्वेतील २००१ च्या अभ्यासात आहारातील अशा जादा लोहाचा फुप्फुसाच्या क्षयरोगाशी संबंध दिसला. अर्थात, संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे.

लोहाची कमतरताही निरुपद्रवी नाही, कारण लसिकापेशींच्या वाढीस लोह लागते. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या भारतात रक्तक्षयही व्यापक असल्याने हा प्रश्न नित्याचा आहे. क्षयरुग्णांतील बराचसा रक्तक्षय दाहामुळे होतो व क्षयरोगावरील औषधांनीच पुष्कळदा सुधारतो. दाहात फेरिटिनची पातळी वाढत असल्याने, लोहाची खरी कमतरता असूनही ही तपासणी सामान्य येऊ शकते.