अजिंक्यपदाचा सौदा

मुष्टियुद्धाच्या रिंगणात दोन माणसे समोरासमोर उभी राहिली, की फार तर तासाभरात निकाल लागतो. परंतु ती दोघे त्या रिंगणात यावीत म्हणून जी बोलणी चालतात, ती कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि पुष्कळदा मोडतात. हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील मोठ्या सामन्यांचा शंभर वर्षांचा इतिहास हा असाच आहे. प्रेक्षक पैसे मोजायला तयार, दोन्ही योद्ध्यांना पैसा हवा, मग घोडे अडते कोठे? आमचे आयुष्य कामगार चळवळीत, मालकांशी वाटाघाटी करण्यात गेले. त्यामुळे हा प्रश्न आम्हांला खेळाचा कमी व मजुरीचा अधिक वाटतो. आणि त्याच अंगाने तो येथे मांडण्याचा विचार आहे.

अमेरिकेतील जेम्स ब्रॅडॉक याचे उदाहरण प्रथम घेऊ. १९२९ नंतरच्या मंदीत त्याचा धंदा बसला. हाताच्या दुखापतींनी तो जेरीस आला आणि गोदीत हमाली करू लागला. गोदीच्या दाराशी उभे राहावे, मुकादमाने बोट दाखवले तर त्या दिवशी काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. ही रीत मुंबईच्या गोदी कामगारांनाही एके काळी चांगली ठाऊक होती. शेवटी त्याच्यावर सरकारी मदत घेण्याची पाळी आली. असा हा माणूस १३ जून १९३५ रोजी मॅक्स बेअरला हरवून हेवीवेटचा जगज्जेता झाला. घेतलेली मदत त्याने पुढे परत केली, हे त्याच्या स्वभावाला साजेसेच होते.

आता त्याच्याशी लढण्याचा हक्क कोणाचा? १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने जो लुईस या तरुण कृष्णवर्णीय योद्ध्याला बाराव्या फेरीत लोळवले. तेव्हा न्यायाने पाळी श्मेलिंगची होती. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या संस्थेने ब्रॅडॉकशी तसा करारही केला. ब्रॅडॉकचा हात दुखावला म्हणून सामना ३ जून १९३७ वर गेला. मधल्या काळात ब्रॅडॉकचा मॅनेजर जो गूल्ड याने हिशेब मांडला. हिटलरच्या जर्मनीतून येणाऱ्या योद्ध्याच्या सामन्यावर बहिष्कार घालण्याची हाक न्यूयॉर्कमध्ये उठली होती. उलट लुईसच्या नावावर तिकिटे हातोहात खपत. ब्रॅडॉक मात्र तिशी ओलांडलेला. लुईसशी गाठ पडली तर अजिंक्यपद जाणार, हे गूल्डला उमगले होते.

म्हणून त्याने लुईसचा प्रमोटर माइक जेकब्ज याच्याकडे एक विलक्षण मागणी केली: सामन्याची रक्कम तर द्याच, शिवाय पुढील दहा वर्षे हेवीवेट अजिंक्यपदाच्या सामन्यांतून तुम्हांला जो निव्वळ नफा होईल, त्यातील दहा टक्के आम्हांला द्या. जेकब्जने ते मान्य केले. गार्डनवाले कोर्टात गेले. कोर्टाने मनाई हुकूम नाकारला. ३ जूनला श्मेलिंग ठरल्याप्रमाणे वजन द्यायला न्यूयॉर्कमध्ये हजर झाला. प्रतिस्पर्धीच नव्हता! २२ जूनला शिकागोत लुईसने ब्रॅडॉकला आठव्या फेरीत गारद केले, आणि ते पद १९४९ पर्यंत स्वतःकडे राखले.

या एका प्रकरणात सगळ्या अडचणी एकत्र सापडतात. पहिली अशी, की अजिंक्यपद हे योद्ध्याचे भांडवल आहे, आणि हेवीवेटमध्ये ते एका ठोशासरशी नाहीसे होऊ शकते. म्हणून जगज्जेता केवळ लढण्याची मजुरी मागत नाही. हरण्याची भरपाईही आगाऊ मागतो. गूल्डचे दहा टक्के ही तीच भरपाई. आजच्या करारांत तिची जागा परतीच्या सामन्याच्या कलमाने घेतली आहे. २०२३ मध्ये युक्रेनचा उसिक फ्युरीशी लढण्यासाठी शंभरातले केवळ तीस घ्यायला राजी झाला होता. तरीही परतीच्या सामन्याच्या अटींवरून बोलणी फिसकटली.

दुसरी अडचण, सही करणारा हात मोकळा नसतो. प्रमोटर, मॅनेजर, दूरचित्रवाणी कंपन्या आणि जुने करार यांनी तो आधीच बांधलेला असतो. १९३७ मध्ये कोर्टाने गाठ सोडली. मे २०२१ मध्ये लवादाने ती घट्ट केली. फ्युरी व जोशुआ या दोन ब्रिटिश योद्ध्यांचा सामना ठरत आला होता, तोच लवादाने सांगितले, की फ्युरीने आधी वाइल्डरशी लढलेच पाहिजे. इकडे सप्टेंबरमध्ये जोशुआ उसिककडून हरला, आणि त्या सामन्याचा भावच उतरला.

तिसरी अडचण आम्हांला सर्वांत मोठी वाटते. या धंद्यात सर्वांच्या वर कोणी नाही. १९१९ ते १९२६ जॅक डेम्प्सी जगज्जेता होता, आणि हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा त्याच्याकडे वर्षानुवर्षे सामना मागत होता. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाने विल्सचा हक्क मानला. पण प्रमोटर टेक्स रिकर्डने काय केले? डेम्प्सी व टनी यांचा सामना फिलाडेल्फियाला नेला. २३ सप्टेंबर १९२६ रोजी तेथे एक लाख वीस हजारांहून अधिक लोक जमले. मंडळाचा अधिकार राज्याच्या सीमेवर संपला, आणि विल्सला तो सामना जन्मात मिळाला नाही.

संपात काय होते पाहा. गिरणी बंद पडली, की मालकाचे नुकसान, कामगाराचेही नुकसान. म्हणून आज ना उद्या दोघे टेबलाशी येतात. येथे जगज्जेता दुसऱ्या एखाद्या सोप्या गड्याशी लढून कमावत राहतो. दिवस सरतात ते आव्हान देणाऱ्याचे, त्याच्या वयाचे. वाटाघाटीत माणसाचे खरे बळ करार न झाल्यास त्याला किती दिवस थांबता येते यावर ठरते. विल्सला थांबता येत नव्हते, आणि डेम्प्सीला कोणतीच घाई नव्हती.

करार चटकन होतात ते दोन प्रसंगी. एक, दोघांना बरोबरीचा वाटा मिळतो तेव्हा. ८ मार्च १९७१ रोजी फ्रेझर व अली, दोघेही तोवर अपराजित, प्रत्येकी २५ लाख डॉलर घेऊन लढले. दुसरा प्रसंग म्हणजे तिजोरी बाहेरची असते तेव्हा. १९७४ मध्ये किन्शासात अली व फोरमन यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले, कारण झाईरच्या मोबुटूला जगात नाव हवे होते. फ्युरी व उसिक यांची गाठही अखेर १८ मे २०२४ रोजी सौदी अरेबियातील रियाधला, तेथील पैशावर पडली. राजाश्रय हा शब्द आपल्या कुस्तीला नवा नाही. पण राजाची मर्जी म्हणजे कामगाराचा हक्क नव्हे.

अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळाडूंनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेतील मार्विन मिलर यांना आपल्या संघटनेचे नेतृत्व दिले आणि १९६८ मध्ये पहिला सामुदायिक करार पदरात पाडला. मुष्टियोद्ध्यांना अलीच्या नावाचा २००० सालचा कायदा मिळाला. प्रमोटरने आपली मिळकत योद्ध्याला सांगावी, असे तो म्हणतो. हे काही थोडे नव्हे. परंतु हिशेब पाहणे वेगळे आणि वाटा ठरवणे वेगळे. ज्या दोघांच्या अंगमेहनतीवर सारा बाजार उभा, ते दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसून सत्तर की साठ म्हणून एकमेकांशीच भांडतात. एकूण रकमेतून प्रमोटरने व कंपन्यांनी आधी किती काढून घेतले, हा प्रश्न त्या भांडणात कोणी विचारीतच नाही. तो प्रश्न ते दोघे मिळून विचारतील, तेव्हाच एखाद्या विल्सची पाळी त्याच्या उमेदीच्या वयात येईल.